एकतीस किलो पाणी

पहाटेचे पावणेचार. पार्नूत उणे सतरा.
धुलाईघराच्या मागच्या दाराशी मी पेटी उघडली :
तारा, चिमटा-मीटर, हवेतली ओल मोजायची काडी,
आणि एक वजनकाटा, जो आर्वोला पाहताक्षणी आवडला नाही.
"काटा आहे की आमच्याकडे," तो म्हणाला.
त्याचा काटा माणूस चढला तरी दोन किलो कमीच दाखवतो
हे मला नंतर कळलं.

आधी ओलं वजन.
इस्पितळाच्या चादरी, चिखलस्नानाला आलेल्या पाहुण्यांचे पंचे,
आणि अभ्रे; त्यांवर कुणाचं डोकं होतं ते विचारायचं नसतं.
पिळणीतून गठ्ठा निघतो तो घट्ट,
काळ्या पावाच्या कणकेसारखा.
एक्क्याण्णव किलो. सुकल्यावर साठ.
मी समुद्राकाठच्या या गावात आले आहे
ती एवढ्या एका वजाबाकीसाठी.

पाणी फुकट उठून जात नाही.
किलोमागे पाऊण युनिटच्या आसपास ते हक्कानं घेतं,
त्या दरात घासाघीस नाही.
त्यावर जे जळतं ते आपलं :
दाराचं फाटकं रबर,
जाळीवर बसलेली तंतूंची करडी गोधडी,
आणि सुकलेल्याला पुन्हा सुकवत बसायची खोड.

पहिला ड्रायर, नवा, काचेच्या दाराचा :
किलोमागे एक पूर्णांक तीन.
दुसरा, त्याचाच जुळा भाऊ : एक पूर्णांक चार.
तिसरा भंगारात निघायचाय.
कागदोपत्री तो दोन वर्षांपूर्वीच मेलाय,
पोटाशी गंज, दाराला दोरी.
एक पूर्णांक एक.

मी मीटर काढून पुन्हा लावला.
काट्यावर स्वतः उभी राहिले. काटा खरं बोलत होता, दुर्दैवानं.
पुन्हा एक पूर्णांक एक.
"तुमचं यंत्र गोठलंय," आर्वो म्हणाला.

मग मी यंत्रांकडे बघणं सोडलं.
तिसऱ्यावर लेहते असते. बावीस वर्षं झाली.
घड्याळ अठ्ठावीस मिनिटांना लावलेलं,
ती विसाव्या, एकविसाव्या मिनिटाला दोरी सोडते.
कशावरून?
"ओली चादर थपकन पडते," ती म्हणाली,
"मग मध्येच ती पडेनाशी होते. नुसती उतरते."
आणि बाहेर काढलेल्या कापडाची शिवण तिनं गालाला लावली.
माझ्या नऊशे युरोंच्या काडीनं
तेच सांगायला आणखी अकरा सेकंद घेतले.

चहाच्या सुट्टीत ती बोटांच्या भेगांना
गाईच्या सडांना लावतात ते मलम चोळत होती.
डबी माझ्याकडे सरकवली. मी लावलं.

राहिलं धुराडं.
साठ अंशांची हवा भिंतीतून बाहेर पडते,
अहवालात तिला 'तोटा' म्हणायचं.
मी तोटा मोजायला बाहेर गेले
तर तोट्यात चार बायका उभ्या.
पाच दहाच्या बससाठी, पिशव्या पोटाशी धरून,
पाठ भिंतीला, जिथे बर्फ धरतच नाही.
एकीनं सरकून जागा दिली. काडी वर धरायला
दुसरीनं मला कोपराला आधार दिला.

ही हवा पकडून परत आत नेता येते.
तशी पेटी मिळते, पाचवा हिस्सा गॅस वाचतो,
चार वर्षांत पैसे फिटतात.
हे मी लिहिणार आहे, कारण ते खरं आहे.

त्याच्या वर लिहिलं : तिसरा ड्रायर एवढ्यात काढू नये.
त्याच्या वर : तिन्ही घड्याळं लेहतेला विचारून लावावीत,
आणि विचारण्याचे तिला वेगळे पैसे द्यावेत.
तळाशी, बोटं वाकत नव्हती तरी :
मागच्या बसथांब्याला आडोसा हवा.
ते पालिकेचं काम, आर्वो म्हणेल. खोडेलही.

बस उशिरा आली.
दार उघडून ती धुरकटत थांबली,
आणि आम्ही पाचजणी, कुणीच आधी
भिंत सोडेना.